एमएलएसवर (एजंटांच्या सामायिक घर-यादीवर) जाण्याआधी घर मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तर चालेल का? (न्यू जर्सी)

विक्रेता_एनजे: एजंटबरोबर लिस्टिंगचा (घर विकून देण्याचा) करार झालाय. रंगकाम बाकी असल्याने घर एमएलएसवर दोन आठवड्यांनी जाणार. तोवर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (सुमारे ४०० जण) फोटो आणि किंमत टाकू का? सोबत 'मराठी शाकाहारी कुटुंबाला प्राधान्य' असं लिहायचंय. एजंट नको म्हणतो. घर माझं, मग अडचण कोणाला?

जर्सीकर: अडचण ब्रोकरला, म्हणजे तुमचा एजंट ज्याच्या हाताखाली काम करतो त्याला. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेचा 'क्लिअर को-ऑपरेशन' नियम २०२० पासून आहे: घराची जाहीर जाहिरात झाली की कामकाजाच्या एका दिवसात ते एमएलएसवर चढवायचं. अंगणातली पाटी, फ्लायर, सरसकट पाठवलेले ईमेल, ब्रोकरेजची (ब्रोकरच्या कंपनीची) वेबसाइट, सगळं त्यात येतं. शुक्रवारी पोस्ट पडली तर सोमवारी लिस्टिंग हवं. मग अर्धवट रंगवलेल्या भिंतींचे फोटो वर जातात आणि 'डेज ऑन मार्केट'चं (घर किती दिवस विक्रीला आहे त्याचं) मीटर सुरू होतं. तो आकडा वाढला की खरेदीदार किंमत पाडूनच बोलतो. नियम थेट तुमच्यावर नाही हे खरं, पण ४०० जणांच्या ग्रुपला खासगी कसं म्हणणार? तक्रार झाली तर खुलासा आणि दंड ब्रोकरच्या गळ्यात.

खिडकी_दार: रंगकामासाठी वेळ हवा तर एजंटला 'कमिंग सून' स्टेटसबद्दल विचारा. घर एमएलएसमध्ये दिसतं, दिवस सहसा मोजले जात नाहीत. मात्र बहुतेक ठिकाणी त्या काळात कोणालाही घर दाखवता येत नाही. अगदी ओळखीच्या मित्रालाही नाही! मुदत एमएलएसगणिक वेगळी, रूलबुक बघून घ्या.
२०२५ मध्ये 'डिलेड मार्केटिंग' हाही पर्याय आला: इतर एजंटांना लिस्टिंग दिसतं, पण बाहेरच्या वेबसाइट्सवर काही काळ जात नाही. त्यासाठी तुमच्या सहीचं संमतिपत्र लागतं. 'ऑफिस एक्सक्लूझिव'मध्ये घर त्या ब्रोकरेजपुरतंच राहतं, जाहिरात शून्य. ज्याला चांगला भाव हवाय त्याने यात पडू नये असं माझं मत.

कायदेकट्टा: त्या 'प्राधान्य'वाल्या ओळीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही? ती आधी खोडा. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने धर्म, वंश, मूळ देश, कुटुंबातली मुलं वगैरेंवरून पसंती दाखवणारी जाहिरात करता येत नाही, आणि हे मालकालाही लागू आहे, एजंट असो वा नसो. 'शाकाहारी' म्हणजे आडून धर्म असा अर्थ सहज लावता येतो. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तर आणखी कडक. वर्णन घराचं करा, माणसांचं नाही: 'तळमजल्यावर बेडरूम आणि पूर्ण बाथ' चालेल, 'सासू-सासरे असलेल्या कुटुंबासाठी उत्तम' नको.

विक्रेता_एनजे: ओळ काढली. पण एखाद्या मित्राला नुसता फोन करून सांगितलं तर?

जर्सीकर: एकाशी एक बोलणं जाहिरात ठरत नाही. पण करार 'एक्सक्लूझिव राइट टू सेल' आहे का बघा. तसा असेल तर मित्राने घर घेतलं तरी एजंटचं कमिशन द्यावं लागतं. एखादं नाव वगळायचं असेल तर ते करारात सहीपूर्वी लिहून घ्यायचं असतं. आता एजंट राजी असेल तर दुरुस्ती-पत्रावर दोघांच्या सह्या घ्या.