मगर नंतर, चिंचोके आधी
मुलांना < आणि > ही कमी-जास्तची चिन्हं शिकवायला मगरीच्या तोंडाची युक्ती सुचवली जाते: मगर जास्त असलेल्या बाजूकडे तोंड उघडते. चिन्ह लक्षात ठेवायला ती बरी, पण पहिल्याच दिवशी नको. मूल मगरीचे दात रंगवत बसतं आणि कुठल्या बाजूला जास्त आहे हे बघायचं राहून जातं.

आधी चिंचोके द्या. वरच्या ओळीत सात, खाली पाच, पण पाचांची ओळ मुद्दाम लांब पसरलेली. चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीलाच जास्त म्हणतात. मग एकाखाली एक जोड्या लावू द्या. वरचे दोन उरले की ‘दोनने जास्त’ त्यांचं त्यांनाच दिसतं. त्यानंतर दोन ढिगांच्या मध्ये दोन काड्या: जास्तीकडे टोकं फाकलेली, कमीकडे जुळलेली. झालं चिन्ह तयार!

मला खरी काळजी = ची वाटते. बऱ्याच मुलांना तो ‘उत्तर लिहा’ असा हुकूम वाटतो; ४ + ३ = □ + २ दिलं की चौकटीत ५ ऐवजी सरळ ७ लिहितात. वेल्सचा गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये या चिन्हासाठी दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे = हेही दोन बाजूंच्या तुलनेचंच चिन्ह. म्हणून <, > आणि = ही तिन्ही एकत्रच शिकवा, त्याच चिंचोक्यांवर.