१० ग्रॅम मोनोफिलामेंट: एकाच पायाची उत्तरं दोनदा वेगळी का येतात?

प्रश्न (आरोग्यसेविका, सोलापूर): यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत मधुमेहींचे पाय तपासायचे आहेत. एकाच पायावर दोनदा मोनोफिलामेंट (१० ग्रॅम दाबाला वाकणारी, पायाची संवेदना तपासायची नायलॉनची तार) लावली की उत्तर बदलतं. कुठं चुकतंय?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, जुळे सोलापूर): ताई, "लागतंय का?" असं विचारू नका, माणूस भिडेखातर "हो" म्हणतो. आधी स्पर्श कपाळावर दाखवा. मग डोळे मिटायला लावून "लागलं की हो म्हणा" एवढंच सांगा. तार काटकोनात टेकवून धनुष्यासारखी वाकेपर्यंतच दाबा, १ ते २ सेकंद. घासली की भलतीच संवेदना जागी होते. जागा: अंगठ्याचा पेर आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटामागचा चवडा. क्रम बदलत राहा, मध्येच एकदा तार न लावता नुसतं थांबा, तरी "हो" येतं का बघा.

उत्तर (पाय-तपासणी करणारी परिचारिका): घट्ट्यावर लावू नका, कडेला लावा. अनवाणी चालणाऱ्यांत हीच चूक जास्त होते: कातडं जाड असतं आणि नस बधिर ठरते. तारही थकते, सुमारे १० जणांनंतर २४ तास ठेवून द्या, नाहीतर कमी दाबातच वाकते. वाकडी राहिलेली तार टाकून द्या.

उत्तर (डॉक्टर): सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपन जाणवतं का ते पाहायचा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर लावा. एका जागी जरी तार कळली नाही तरी पुन्हा तपासा, आणि तेच आलं तर दवाखान्यात पाठवा. आपल्याकडं एप्रिल-मेच्या डांबरावर बधिर तळव्याला फोड येतो, तो रात्री पायमोजा ओला दिसल्यावरच कळतो.