पुराणमतवादी, सनातनी, उजवे की हुजूर?

रत्नागिरी (मूळ प्रश्न)
ऑक्टोबर २०२५ मध्ये साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. ही बातमी मराठीत लिहायला घेतली की गंमत होते. पक्षाचं नाव उदारमतवादी लोकशाही पक्ष आणि बाई पुराणमतवादी! आमच्या वडिलांनी चष्मा वर सारून विचारलं, "मग ही चुकून त्या पक्षात शिरली काय रे?"

कॉन्झर्व्हेटिव्हसाठी आपण पुराणमतवादी, सनातनी, परंपरावादी, उजवे हे शब्द हाताला येतील तसे वापरतो. मी उजव्या मताचा आहे आणि त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही. पण पुराणमतवादी म्हटलं की कुणी सोवळं नेसवून पाटावर बसवल्यासारखं होतं. थॅचर, मे, ट्रस या तिन्ही महिला पंतप्रधान ब्रिटनला तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने दिल्या. मजूर पक्षाने अजून एकही दिलेली नाही. यात पुराण कुठलं आलं? दुसरा शब्द सुचवा.

दापोली
ब्रिटनच्या याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला जुन्या वर्तमानपत्रांत 'हुजूर पक्ष' म्हणत, विसरलात? हुजूर आणि मजूर, काय झकास जोडी होती! हुजूर म्हणजे धन्याची, दरबाराची बाजू. पेशव्यांच्या खाशा फौजेला हुजुरात म्हणत आणि पुण्यातली हुजूरपागा त्यातलीच. पण हा शब्द ब्रिटनबाहेर चालत नाही. अमेरिकेतल्या रिपब्लिकनांना हुजूर म्हणून बघा, जीभ अडखळते. आणि ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत १२१ जागांवर आल्यावर खुद्द ब्रिटनमध्येही त्यांना हुजूर म्हणताना जरा कसंनुसंच वाटलं.

त्यांचं टोपणनाव 'टोरी' मुळात आयरिश शब्दावरून आलं. अर्थ, रानात पळालेला लुटारू. विरोधकांनी दिलेली शिवी त्यांनी बिल्ल्यासारखी मिरवली. तुम्हीही पुराणमतवादी तसंच मिरवा की!

मालवण
उजव्याचा मूळ सगळे फ्रान्सात शोधतत. ता खरा आसा. १७८९ साली तिथल्या सभेत राजाचे अधिकार शाबूत राहावेत म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, तिथून राजकारणातलं उजवं-डावं सुरू झालं. पण मराठीत हा शब्द कोऱ्या पाटीवर उतरला नाही. आमच्याकडे देवाला कौल लावतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार, नाहीतर पुन्हा गाऱ्हाणं. मुलगी 'उजवली' म्हणजे मार्गी लागली, कूस 'उजवली' म्हणजे पाळणा हलला. आणि डाव्याच्या वाट्याला काय? 'डावलणं'! 'जनतेचा उजव्यांना कौल' असा मथळा वाचून आमची आजी हात जोडते. मतमोजणी व्हायच्या आधीच भाषेने निकाल लावलेला असतो.

चिपळूण
डाव्या मताच्या माणसाने यावर काय बोलायचं! पण एक गल्लत थांबवा. सनातनी आणि उजवा एक नव्हेत, आणि याचा दाखला रत्नागिरीतच आहे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत तिथे स्थानबद्ध होते. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्व जातींना उघडं झालं. आज त्यांना उजव्यांच्या रांगेत पहिलं बसवतात, पण तेव्हा त्यांच्याशी भांडले ते सनातनीच. उलट बाजूला टिळक बघा. इंग्रजांविरुद्ध जहाल, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध. एका शब्दात हा माणूस मावत नाही. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने वाळीत टाकलं. ते सनातनीपण. त्याला 'परंपरावाद' असं गुळगुळीत नाव देऊ नका.

रत्नागिरी
कर्व्यांचं मान्य. म्हणूनच सनातनी हा शब्द धर्माच्या भांडणापुरता ठेवावा, जगाच्या राजकारणात आणू नये.

'उदार'चा घोळ मात्र राहिलाच. १९९१ च्या 'उदारीकरणा'ला उजवे टाळ्या वाजवतात आणि डावे बँका, कारखाने आहेत तसे राखायला उभे राहतात. तिथे जुनं धरून बसलेला कोण? ऑस्ट्रेलियातला १९४४ चा लिबरल पक्ष तर सरळ उजव्या बाजूचा.

'रक्षणवादी' म्हणावं, तर तो 'संरक्षणवादा'च्या घरात जातो, म्हणजे जकातीच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि कोळंबी निर्यात करणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ट्रम्प यांना आपण उजवे म्हणतो, पण थॅचरबाईंच्या काळातला उजवा माणूस खुल्या व्यापाराचा भोक्ता होता. मला तरी हे शुल्क उजवेपण वाटत नाही, धसमुसळेपणा वाटतो.

माझं मत 'राखणारे' या शब्दाला. देवराई राखतो, खाजणाचा बांध राखतो, तसं. बांधाला खोंगळ पडलं तर बुजवायचं, बांधच उखडायचा नाही.

चिपळूण
वा! मग रिफायनरी प्रकल्पापासून बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं राखा म्हणणाऱ्यांना २०२३ मध्ये तुमच्याच बाजूच्यांनी 'विकासविरोधी डावे' का म्हटलं?

रत्नागिरी
चुकलं त्यांचं. शब्दाच्या दृष्टीने तरी ते लोक राखणारेच होते. प्रकल्पाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते इथे नको.

मालवण
राखणारे नको, 'राखणदार'च म्हणा. फक्त आमच्या गावच्या राखणदार देवाक वर्साक एक कोंबो पुरता. तुमच्या पक्षवाल्यांका किती लागतत, ता आधी इचारून घ्या.