शे इंजिनाला दातेरी पट्टी का लागत नाही?

कुर्डुवाडीकर (सोलापूर)

नमस्कार. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात नॅरोगेज इंजिनांचे फिटर होते, त्यामुळे बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. तैवानमधील अलिशानची डोंगरी रेल्वेही त्याच ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधील अंतराची) आहे हे कळल्यापासून मी तिच्या वाफेच्या ‘शे’ इंजिनांविषयी वाचत आहे. उटीच्या गाडीला १२ फुटांना १ फूट, म्हणजे सुमारे ८.३ टक्के चढासाठी रुळांमध्ये दातेरी पट्टी लागते. मग अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील कॅस येथे ही शे इंजिने ११ टक्क्यांपर्यंतचा चढ साध्या रुळांवर कशी चढतात? आणि आपल्या माथेरानला ती का आणली नाहीत?

क्राऊन-पिनियन

माझे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे, म्हणून माझ्या कामातलेच उदाहरण देतो. ट्रकखाली वाकून पाहिल्यास गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत गेलेला शाफ्ट आणि त्याचे क्रॉस दिसतात. शे इंजिनात हीच रचना उजव्या बाजूला, उघड्यावर असते. बॉयलरशेजारी उभे सिलिंडर, त्यांच्याखाली क्रँक, आणि तिथून पुढे-मागे गेलेला शाफ्ट, ज्याच्यावरची पिनियन (लहान दातेरी चक्र) त्या बाजूच्या प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या दातेरी चक्राला फिरवते. दात आहेत ते इथे, रुळावर नाहीत. सिलिंडरांचा तोल साधण्यासाठी बॉयलर मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलेला असतो, आणि समोरून पाहताना ते चटकन लक्षात येते. चाक एकदा फिरेपर्यंत क्रँक साधारण दोनदा फिरते, म्हणून ऊस भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढावा तसे हे इंजिन संथ पण न हिसकता चढते. मिशिगनमधील लाकूड व्यावसायिक एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये याचे पेटंट घेतले, कारण जंगलातल्या कच्च्या, वेड्यावाकड्या रुळांवर साधी इंजिने टिकत नव्हती.

घाटवाट

वरील उत्तर अचूक आहे. मात्र गिअरइतकेच महत्त्व वजनाला आहे. शे इंजिनाचे कोळसा-पाण्यासह सगळे वजन फिरवणाऱ्या चाकांवरच असते. इंजिन १०० टनांचे आणि कोरड्या रुळावरची पकड वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी धरली, तर २५ टन ओढ मिळते. ११ टक्के चढावर त्यातली ११ टन स्वतःलाच वर नेण्यात जाते आणि उरलेल्या १४ टनांत, चाकांचे घर्षण सोडून दिले तर, सव्वाशे टनांचे डबे निघतात. टेंडर (कोळसा-पाण्याचा वेगळा डबा) जोडलेल्या, तेवढ्याच एकूण वजनाच्या साध्या इंजिनाचे ६० टनच फिरत्या चाकांवर असतील, तर ओढ १५ टन, शिल्लक ४, आणि मागे जेमतेम ३६ टन.

माथेरानचे उत्तरही इथेच आहे, असे माझे मत आहे. तिथला सर्वांत कडक चढ २० फुटांना १ फूट, म्हणजे ५ टक्के. १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावरची ऑरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिने टेंडरविना होती, त्यांच्या सहाही चाकांवर पूर्ण वजन होते, आणि वळणासाठी पुढची-मागची धुरी क्लाइन-लिंडनर पद्धतीने थोडी वळत असे. त्यामुळे गिअरची गरजच उरली नव्हती.

कुर्डुवाडीकर

दोघांचेही मनापासून आभार. आजोबा नेहमी सांगत की पावसाची पहिली सर आली की आधी वाळूची पेटी तपासायची, म्हणजे चाकांची पकड वाढवायला रुळावर टाकायच्या वाळूची. आपल्या हिशेबात रूळ कोरडा धरला आहे. ओल्या रुळावर काय होईल?

घाटवाट

पकड १५ टक्क्यांवर आली तर शेची शिल्लक ४ टनांवर येईल, म्हणजे कोरड्यात साधे इंजिन ओढत होते तेवढेच. साध्या इंजिनाला मात्र ९ टनच ओढ मिळेल आणि ते स्वतःलाही वर नेऊ शकणार नाही. वाळू दोघांनाही लागते; आजोबांचे म्हणणे कॅसच्या डोंगरावरही तितकेच लागू आहे.