पहिली ओळ कुठे सापडली, आणि शेवटी ती उरली का?

कविता 'सुचते' म्हणजे नेमकं काय होतं, यावर तात्त्विक बोलणं पुष्कळ होतं. इथे एवढंच करू: प्रत्येकाने स्वतःची एक कविता घ्यायची आणि तिचा पहिला तुकडा कुठे सापडला, पुढे काय काय खोडलं, ते सांगायचं. कविता चांगली असायची अट नाही. फसलेली असेल तर जास्त बरं.

सुरुवात माझ्यापासून. आईला पाणी पाजताना ओळ आली: 'आई आता माझ्या हातून पाणी पिते.' डोळे भरून आले आणि वाटलं, जमली. जवळ तिच्या औषधांच्या वेळा लिहिलेला कागद होता, त्याच्याच पाठीवर वीसेक ओळी लिहिल्या. कोण कुणाची आई, उलटं फिरलेलं चक्र वगैरे. आठवड्याने वाचल्या तर सगळ्या ओळी रडवायला बसलेल्या. कागद उलटा केला. पुढच्या बाजूला जे होतं तेच थोडं आवरून ठेवलं:

सकाळी एक पांढरी, उपाशीपोटी.
दुपारी अर्धी.
रात्री एक निळी,
त्यानंतर ती मला ताई म्हणते.

ज्या ओळीने सुरुवात झाली, तीच यात नाही. ती नसती तर मी कागद हातात घेतला नसता, हेही खरं.

०००

मी गझल लिहितो. माझ्याकडे आधी ठेका येतो, शब्द नंतर. एकदा जिना उतरताना पायांनी 'गालगागा गालगागा' (गा म्हणजे गुरू, लांब; ल म्हणजे लघू, आखूड) धरलं आणि खाली पोचेपर्यंत 'सांगणे राहून गेले' हे त्यात बसलेलं होतं. म्हणजे रदीफ, शेराच्या शेवटी दरवेळी तसेच येणारे शब्द, मिळाली: 'राहून गेले'. मग काफियांची, म्हणजे रदीफेच्या आधी येणाऱ्या यमकांची, यादी: सांगणे, मागणे, वागणे, जागणे. इथेच माणूस फसतो. यादी समोर असली की शेर, म्हणजे गझलेतल्या दोन-दोन ओळी, पाडता येतात, आणि मी पाडलेही आहेत.

शेराची खालची ओळ लगेच झाली: 'शब्द होते, वेळ होता, सांगणे राहून गेले.' वरची आठ महिने येईना. चंद्र, पाऊस, रिकामी बाकं सगळं लावून पाहिलं. प्रत्येक ओळ खालच्या ओळीचं स्पष्टीकरण व्हायची. शेवटी एकाला निरोप द्यायला गेलो असताना स्वतःचेच हात दिसले:

थांबलो दारात थोडा, पायपुसणे नीट केले
शब्द होते, वेळ होता, सांगणे राहून गेले

वृत्त व्योमगंगा, म्हणजे ओळीत चार वेळा 'गालगागा'. जाणकार लगेच बोट ठेवतील की वरची ओळही रदीफेसारखी 'ले'वर संपते, हा दोष आहे. आहे. बदलून पाहिलं. पायपुसणं हललं की शेर पडतो, म्हणून दोषासकट ठेवला.

०००

मी चालीवर गाणी लिहिते, त्यामुळे प्रेरणेची वाट बघायची चैन मला नाही. चाल आधी येते, तीही 'ताना नाना' करत, आणि उद्यापर्यंत शब्द हवे असतात. एका गाण्यात 'क्षितिज' हा शब्द मला फार प्रिय होता. पण नेमका तिथे वरचा स्वर लांबवायचा होता. गायिका म्हणाली, ताई, इथे तोंड उघडू दे. ऱ्हस्व 'ति'वर थांबणार कसं? 'आकाश' केलं. अर्थ थोडा बदलला, मग पुढच्या दोन ओळी बदलल्या, आणि त्या दोन ओळीच लोकांच्या लक्षात राहिल्या. त्या मला सुचल्या असं म्हणायला जीभ रेटत नाही.

०००

संस्कृत शिकवतो, म्हणून थोडं जुनं. काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात कविता कशातून होते ते सांगताना शक्ती (उपजत प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास (सराव) अशी तीन नावं घेतली, पण त्यांना मिळून 'हेतू' म्हटलं, एकवचनात. तीन वेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एक. त्याच्याही आधी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला. दुसऱ्या प्रहरी रचना, चौथ्या प्रहरी तिची परीक्षा. कारण मोठं व्यवहारी: रसाच्या आवेगात लिहिताना निवड करणारी दृष्टी जागी नसते. जास्तीचं काढा, कमी पडलं ते भरा, असं तो सांगतो.

हे सगळं वर्गात शिकवून मी घरी येतो आणि रात्री लिहिलेली कविता त्याच रात्री दहा जणांना पाठवतो.

०००

वडील गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, लिही, मोकळं वाटेल. दीड वर्ष एक अक्षर नाही. मग त्यांच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली, कशासाठी ते मलाही माहीत नाही, आणि त्या दिवशी चार ओळी झाल्या. त्यात वडील नाहीत, काडी आहे.

०००

झोपेत सुचतं म्हणणाऱ्यांसाठी. रात्री तीनला खडबडून उठलो, मोबाइलवर ओळ टिपली, आयुष्यातली सर्वोत्तम कविता हाती लागली या समाधानात झोपलो. सकाळी वाचली: 'शिडीला तिचा पांढरा भाऊ विचारा.'

विचारलं. भाऊ काही बोलला नाही.

०००

माझ्याकडे चार वर्षांपासून एक ओळ पडून आहे: 'कुलूप लावून झाल्यावर घर आतून कसं दिसतं.' पुढे काही येत नाही आणि टाकवतही नाही. कुणाला हवी असेल तर घ्या.

०००

(वरचाच, गझलवाला.) घेऊन पाहिली. व्योमगंगेत 'कुलूप' कुठेच बसत नाही. लघू, गुरू, लघू. परत ठेवतोय.