जागेचं नाव सांगायचं की गिळायचं?

रानवाटा:
गेल्या शनिवारी आम्ही चौघं मित्र, दोन बाइक, पुण्यापासून सत्तर किलोमीटरच्या आत. ओढा, पलीकडे पडकं देऊळ, चिंचेखाली डबे उघडले. दिवसभरात भेटला तो एक मेंढपाळ आणि त्याची दोन कुत्री. फोटो टाकलेत. जागेचं नाव मात्र सांगणार नाही, कोणी विचारू नका.

कारण देवकुंड धबधबा. बऱ्याच वर्षांपूर्वी भिऱ्याहून चालत गेलो तेव्हा वाटेत गुरं सोडून कोणी नव्हतं. मग त्या निळ्या कुंडाचे फोटो फिरले. सुट्टीला गाड्यांच्या रांगा लागल्या, माणसं बुडाली, पावसाळ्यात बंदीचे आदेश निघू लागले. आता नीट वागणाऱ्यानेही घरीच बसायचं. चौघांतच राहिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

फोडणीचा_भात:
मग धागा कशाला काढला राव? लाडू दाखवून डबा बंद!

कुकडीकाठ:
रानवाटा, जागा अनोळखी कोणाला? त्या मेंढपाळाला विचारा, त्याच्या आज्यापासून ओळखीची असेल.

मी निघोजकडचा. आमच्याकडे कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यात घुमून घुमून काळ्या खडकात रांजणासारखे खड्डे पडलेत. आम्ही लहानपणी तिथे गुरं पाजायला न्यायचो. आता लोक मळगंगेचं दर्शन घेतात, झुलत्या पुलावर फोटो काढतात, आणि आईची भजी खातात. रविवारच्या गल्ल्यावर धाकट्या बहिणीची फी भरली गेली आहे. सोमवारी बाटल्याही आम्हीच गोळा करतो, ते नाकारत नाही. शिव्याही घालतो. पण नाव लपवून तुम्हाला शांतता मिळाली, गावाला काय मिळालं? तुम्ही डबेसुद्धा घरून नेलेत!

माळरान_७:
डब्यावरून टोमणा नको, बाकी चालू द्या :)

मी रानवाटांच्या बाजूने. ओढ्या-धबधब्यांचं एक वेळ ठीक आहे, गवताळ माळाचं काय? पुणे जिल्ह्यात सुपे, कडबनवाडी, शिरसुफळ या भागात चिंकारा आहेत, लांडगे आहेत. लांडग्याची पिल्लं दिसली म्हणून कोणी नकाशावरची खूण चार ग्रुपांत टाकतो आणि पुढच्या रविवारी गाड्या रस्ता सोडून गवतात शिरतात. मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. हे मी स्वतः पाहिलंय, आणि ती खूण टाकणारा माझाच मित्र होता. त्या दिवसापासून बोलणं जरा कमीच आहे.

वनखात्याने तिकडे गावातल्या पोरांना गाइड करून सफारी सुरू केली, ते बरं झालं. पण त्याआधी जे तुडवलं गेलं ते गेलं.

कुकडीकाठ:
पिल्लांचं मान्य. तिथे मीही तोंड शिवून घेईन. ओढ्याला तो नियम लावू नका.

इंद्रायणीचा_पाहुणा:
अपघाताचं खापर नावावर फोडू नका. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ ला पडला, चार माणसं गेली. रविवार होता. तळेगाव-पिंपरीच्या लोकांना कुंडमळा नवा नव्हता. जुना लोखंडी पूल, त्यावर एकाच वेळी तेवढी माणसं आणि दुचाक्या. तिथे अडवणारं कोणी हवं होतं.

रानवाटा:
अडवणार कोण? लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर लगेच आदेश आले. आधी कधीच येत नाहीत. म्हणून म्हणतो, आपण आपलं तोंड बंद ठेवावं.

सईची_स्कूटी:
तोंड बंद ठेवणं पुरुषांना परवडतं हो दादा. आम्ही पाचजणी निघतो तेव्हा आधी विचारावं लागतं: शेवटची वस्ती कुठे, मोबाइलला रेंज आहे का, बायकांना आडोसा आहे का, अंधाराआधी हमरस्त्याला लागता येईल का. हे कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं म्हणून आम्ही जाऊ शकतो. भुलेश्वरच्या देवळात गेलो तेव्हा यवतहून वरचा रस्ता कसा आहे ते एका अनोळखी बाईने सविस्तर लिहिलं होतं. तिनेच स्त्रीरूपातला गणपती शोधायला सांगितला होता, नाहीतर समोरून निघून गेलो असतो. तिने नाव गिळलं असतं तर आम्ही पाचजणी त्या रविवारी मॉलमध्ये असतो.

फोडणीचा_भात:
ताईंना +१. मॉलमध्ये भजीही महाग.

रानवाटा:
सईताई, हे मला सुचलंच नव्हतं. तुमच्यासाठी सांगतो: रेंज नाही, आडोसा नाही, शेवटची वस्ती दोन किलोमीटर मागे, ओढ्याला पाणी असेल तर जाऊ नका. तुम्हाला नाव वेगळ्या निरोपात पाठवतो. इथे नाही.

सईची_स्कूटी:
पाठवा. पण मी माझ्या मैत्रिणींना सांगणार, हे आधीच सांगते.

कुकडीकाठ:
नका पाठवू. तिसऱ्या फोटोत देवळामागे तो सुळका दिसतोय, त्यावरून ओळखलं मी. मावशीचं सासर आहे तिथे. पुढच्या वेळी डबे नेऊ नका, पिठलं-भाकरी सांगून ठेवतो.