नातीला लस मिळाली, आजीची तपासणी कधी?

उपकेंद्रातली ताई: परवा गावात एचपीव्ही लसीचं शिबिर होतं. एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. एक आजी नातीला घेऊन आल्या. लस टोचून झाली, आणि उंबऱ्यात चपला घालताना त्या हळूच म्हणाल्या, "बाई, पाळी जाऊन चार वर्षं झाली, तरी मधनंच डाग पडतोय." नातीसाठी शीतपेटीत कुपी होती. आजींना द्यायला माझ्याकडं नुसती चिठ्ठी.

माझं स्पष्ट मत आहे, तिशीपुढच्या बायांची एचपीव्ही चाचणी आधी सुरू करा. पुरावा आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या चाचणीनं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. चाचणी न झालेल्या गटात ६४, झालेल्या गटात ३४.

बालाघाट: ताई, आधी आजींचं बघा. पाळी गेल्यावर डाग पडणं हे लक्षण आहे, त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडं लगेच न्यायला हवं. चाचणी काही त्रास नसलेल्या बायांसाठी असते.

आणि माझा चाचणीला विरोध आहे. त्याच अभ्यासात दर दहा जणींत साधारण एकीला विषाणू सापडला होता. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. पण 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद हातात पडल्यावर हे समजावून सांगणार कोण? आमच्या बीडात ऊसतोड बायांना कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या. माझ्या मावशीची पस्तिशीतच काढली. नुसतं अंगावरून पांढरं जात होतं तिच्या.

दोन मुलींची आई, पुणे: म्हणूनच लस आधी. भारतात या कॅन्सरच्या पाचातल्या चार केसेसमागे विषाणूचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात, आणि लस नेमकी त्यांना अडवते. आता ती पुण्यातच बनते. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मुलींना एक डोसही पुरेसा मानलाय. शाळेत एकदा टोचली की झालं, कुणाच्या मागं फिरायला नको.

उपकेंद्रातली ताई: लस थांबवा असं मी कुठं म्हटलं? पण बारा वर्षांच्या मुलीला तिचा फायदा दिसायला वीस-तीस वर्षं जातील. तोवर तिच्या आईनं काय करायचं?

बालाघाट, तुमच्या मावशीचं वाचून पोटात कालवलं. पॉझिटिव्ह म्हणजे पिशवी काढणं नव्हे. पिशवीचं तोंड तपासतात, खराब भाग दिसला तर तेवढाच गोठवतात किंवा जाळतात. हे नमुना घ्यायच्या आधीच बाईला सांगायचं, नवऱ्यालाही.

बालाघाट: ते गोठवायचं-जाळायचं यंत्र तुमच्या तालुक्यात आहे का? असेल तर मी विरोध सोडतो.

उपकेंद्रातली ताई: नाही. जिल्ह्याच्या गावाला आहे, बसनं अडीच तास. आजींना मंगळवारी तिथंच डॉक्टरांकडं नेतेय, सून रजा टाकून बरोबर येतेय.